सातव्या टेबलावरचा प्राणी

हर्डमानिया नावाचा एक समुद्री प्राणी आहे. नाव ऐकून एखादा परदेशी सेनापती डोळ्यांपुढे येतो, पण प्रत्यक्षात तो खडकाला चिकटून बसलेली फुगीर पिशवी आहे. रंग मळकट गुलाबी, वरच्या अंगाला दोन छिद्रं. एका छिद्रातून पाणी आत घ्यायचं, गाळून खायचं, दुसऱ्यातून सोडून द्यायचं. जन्मभराची नोकरी एवढीच. त्याला डोकं नाही, हातपाय नाहीत, पाठ कुठली आणि पोट कुठलं हे त्याचं त्यालाही सांगता येणार नाही. तरीही शास्त्रानं त्याला मासा, बेडूक, पाल, कावळा, म्हैस आणि आमचे प्राचार्य यांच्याच संघात बसवलं आहे. संघाचं नाव समपृष्ठरज्जू प्राणी.

या संघात यायला चार खुणा लागतात. पाठीच्या बाजूनं आधाराचा एक लवचिक दांडा, म्हणजे पृष्ठरज्जू, त्याच्या वरून जाणारा पोकळ चेतारज्जू, घशाला फटी, म्हणजे कल्लाविदरे, आणि शेपूट. पण नियमात एक मोठी पळवाट आहे. या खुणा आयुष्यात कधीतरी असल्या की झालं. शेपूट तुम्हा-आम्हालाही होतंच की, आईच्या पोटात. हर्डमानियाचं पिल्लू बेडकाच्या पिल्लासारखं असतं. शेपूट, पृष्ठरज्जू, इवलासा मेंदू असा सगळा सरंजाम घेऊन ते पोहतं. मग एक बरासा खडक बघून त्याला डोक्याकडून चिकटतं, शेपूट जिरवतं, पृष्ठरज्जू जिरवतं, मेंदूचाही बराचसा भाग जिरवतं आणि निवांत पिशवी होऊन बसतं. पुस्तकं याला अधोगती म्हणतात. मी तेव्हा कायम नोकरी शोधत होतो. मला ती प्रगतीच वाटायची.

गाव माझं रेणापूरकडचं, शिक्षण लातूरला, आणि पोट भरायला हदगावकडच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर प्राणिशास्त्र शिकवत होतो. तासिका तत्त्व म्हणजे वर्गात आहात तोवर प्राध्यापक, घंटा झाली की पुन्हा बेकार. दर जूनला नवी ऑर्डर निघायची. जूनपर्यंत कुणाच्या डोळ्यावर यायचं नाही, हे एकच संशोधन मी मन लावून करत होतो. विभागप्रमुख त्या वर्षी लांबलचक रजेवर होते, त्यामुळे बी.एस्सी.चं दुसरं वर्ष, प्रयोगशाळा आणि तिच्यातलं बाटल्यांचं कपाट माझ्या ताब्यात आलं. कपाटात समुद्रघोडा होता, त्याला पोरं सस्तनांत घालायची. वटवाघूळ होतं, ते पक्ष्यांत जायचं. बिनपायांचा एक उभयचर होता, त्याला सगळा वर्ग एकमुखानं साप म्हणायचा. आणि एका बुटक्या, रुंद तोंडाच्या बाटलीत हर्डमानिया होता. त्याला मात्र सगळे बरोबर ओळखायचे, कारण तसली बुटकी बाटली कपाटात एकच होती.

फेब्रुवारीत मी तो शिकवायला घेतला आणि माझ्या अंगात आलं. पिल्लू कसं पोहतं हे फळ्यावर काढून दाखवायचं सोडून मी टेबलावरचा टॉवेल उचलला, शेपूट म्हणून मागे पँटीत खोचला आणि बाकांच्या मधून पोहायला लागलो. वर्ग खूश. टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्या की माझं पुढचं मला दिसत नाही. "आता याला खडक सापडला!" असं ओरडून मी टेबलाकडे झेप घेतली, गर्रकन वळलो आणि शेपटानं बाटली खाली आणली.

नमुने टिकवणाऱ्या फॉर्मॅलिनचा वास ज्यानं घेतलाय त्याला पुढचं सांगायला नको. डोळे चोळत सगळा वर्ग बाहेर पळाला, सगळ्यांच्या पुढे मी. आत गेले ते फक्त आमचे मामा. मामा म्हणजे प्रयोगशाळेचे परिचर. त्यांनी माझ्यासारखे इतके तासिकावाले येताना-जाताना पाहिले होते, की आम्हा लोकांचं वर्गीकरण त्यांनी मनाशी केव्हाच करून टाकलं होतं. अर्ध्या तासानं मी नाकाला रुमाल लावून आत गेलो.

"मामा, काचा काढल्या?"

"काढल्या की."

"आणि तो प्राणी?"

"कंचा प्राणी?"

"बाटलीत होता तो. गुलाबी."

मामा फरशी पुसता पुसता थांबले. "ते रताळं व्हय? मला वाटलं कुण्या पोराच्या डब्यातलं पडलंय. काचासंगट घंटागाडीत देऊन टाकलं की."

मी खिडकीकडे धावलो. घंटागाडी गाणं वाजवत वळणापलीकडे चालली होती.

प्राचार्यांना जाऊन सांगणं हा सरळ मार्ग होता. पण ते पहिला प्रश्न विचारणार, फुटली कशी? आणि "सर, मी शेपूट लावून पोहत होतो" या उत्तरावर ऑर्डर काढणारा प्राचार्य अजून जन्माला यायचाय. शिवाय वर्षअखेरीला कपाटातल्या बाटल्या यादीशी ताडून बघायचे. मी दोन दिवस विचार केला. म्हणजे दोन दिवस मामांचं ते वाक्य डोक्यात घोळवलं. ज्या माणसानं त्या प्राण्याची बाटली वर्षानुवर्षं रोज पुसली, त्यालाही तो रताळं वाटला. मग यादी घेऊन येणाऱ्या कारकुनाची काय कथा?

महाशिवरात्र तोंडावर होती. बाजारात रताळ्यांचे ढीग. मी एका ढिगापुढे बसलो आणि एकेक रताळं उचलून उजेडात धरायला लागलो. सरळ नको, लांब नको, पोट सुटलेलं हवं, खाली निमुळतं हवं. ढिगामागची बाई बराच वेळ बघत होती.

"काय हो सर, रताळं बघून राहिले का पोरगी?"

"जरा गुबगुबीत पाहिजे, मावशी."

"उकडून खायाचं हाय न्हवं? मग त्याचं नाकडोळे कशाला बघता?"

शेवटी एक मनासारखं सापडलं. त्याला मी कंपासपेटीतल्या कर्कटकानं दोन छिद्रं पाडली, एक वर, एक जरा बाजूला, अगदी पुस्तकातल्या आकृतीबरहुकूम. पांढऱ्या दोऱ्यानं काचेच्या पट्टीला बांधलं, जुन्या बुटक्या बाटलीसारखी बाटली शोधली, फॉर्मॅलिन भरलं, झाकणाला मेण लावलं. चिठ्ठी नवी दिसू नये म्हणून चहाच्या पाण्यात बुडवून वाळवली. माझ्या हातून आयुष्यात इतकं सुबक काम दुसरं झालेलं नाही. मामांनी बाटली फिरवून फिरवून पाहिली.

"पहिल्यापरीस बरं दिसून राहिलं," ते म्हणाले.

बेत एवढाच होता. यादी तपासली जाईल, जून येईल, ऑर्डर निघेल. हे रताळं कुठल्या परीक्षेला बसेल असं माझ्या स्वप्नातही नव्हतं.

पण प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले ते लातूरचे, आणि लातूरला ज्यांनी माझ्याकडून हे चारही गुणधर्म घोकून घेतले तेच माझे सर. मला बघून खूश झाले. पाठीवर थाप मारली, चहा घेतला आणि स्पॉटिंगचे नमुने निवडायला कपाटाकडे निघाले. स्पॉटिंग म्हणजे बारा टेबलांवर बारा नमुने मांडायचे, चिठ्ठ्या कागदानं झाकायच्या. पोरांनी एकेका टेबलापाशी उभं राहून नमुना ओळखायचा, वर्गीकरण आणि कारणं लिहायची. घंटा वाजली की पुढच्या टेबलाला. मी समुद्रघोडा पुढे केला, वटवाघूळ पुढे केलं, कासव पुढे केलं. सरांचा हात मात्र माझ्या खांद्यावरून गेला आणि बुटक्या बाटलीवर थांबला.

"वा! हर्डमानिया. हा घ्यायलाच पाहिजे."

"सर, तो जरा जुना..."

"जुना? अरे, काय जपलाय! ही बघ छिद्रं. इतकी स्पष्ट छिद्रं मी कित्येक वर्षांत पाहिली नाहीत."

तेव्हाच बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "हो सर."

बाटली सातव्या टेबलावर गेली. चोवीस पोरं बारा टेबलांवरून फिरली, मामा घंटा वाजवत राहिले. सातव्या टेबलाशी येणारा प्रत्येक जण बाटलीचा आकार पाहून हसायचा आणि भराभर लिहायचा. एकच मुलगी थांबली. ती हदगावच्या पलीकडच्या एका खेड्यातून बसनं यायची, रोज आल्या आल्या "जय भीम, सर" म्हणून खिडकीजवळच्या बाकावर बसायची. आकृत्या ती गाईडमधल्या काढायची नाही, समोर जे दिसेल ते काढायची, त्यामुळे तिच्या वहीतल्या बेडकाचा एक पाय वाकडा असायचा, कारण आमच्या बेडकाचा होताच. तिनं वाकून बाटलीत पाहिलं, मान तिरकी करून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं.

जेवणाच्या सुट्टीत तिनं मला व्हरांड्यात गाठलं. "सर, सात नंबरला रताळं होतं न्हवं?"

"झालेल्या पेपरचा विचार करू नये," मी म्हणालो. "तोंडीची तयारी कर."

जेवण झाल्यावर सर उत्तरपत्रिका तपासायला बसले. बाराव्या की तेराव्या उत्तरपत्रिकेला त्यांचा पेन थांबला. त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. लिहिलं होतं: 'ओळख: रताळे. संघ: लागू नाही, ही वनस्पती आहे. कारणे: अंगावर बारीक मुळ्या आहेत. वरच्या टोकाला देठ तुटल्याची खूण आहे. दोन्ही छिद्रे टोकदार वस्तूने पाडलेली आहेत.'

"ही टिंगल आहे," सर म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. "परीक्षेची आणि परीक्षकाची. मी आजच विद्यापीठाला गैरवर्तनाचा अहवाल देणार. हिचं प्रात्यक्षिक रद्द."

प्रात्यक्षिक रद्द म्हणजे विषय राहिला. आणि त्या मुलीच्या घरी काय ठरलं होतं ते मला ठाऊक होतं. प्रवेशाच्या वेळी तिच्या वडिलांनी माझ्यासमोरच तिला सांगितलं होतं, विषय राहिला की कॉलेज राहिलं. एका बाजूला तिचं शिक्षण, दुसऱ्या बाजूला माझी जूनची ऑर्डर. त्यात सरांनी सकाळी छिद्रांची एवढी तारीफ केलेली. खरं सांगितलं तर त्यांचीही शोभा. मी शब्द जुळवत होतो तेवढ्यात सरांनी तिला आत बोलावलंच.

"हे काय लिहिलंस?"

"रताळं, सर."

"तुझ्या सरांनी ही बाटली वर्षभर काय म्हणून दाखवली?"

"हर्डमानिया म्हनून."

"मग?"

"सरच म्हनले होते, बाटली ओळखू नका, आतलं बघा. आतलं बघितलं."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. असलं उदात्त वाक्य मी खरंच बोललो होतो, वटवाघळाच्या वेळी. आता काहीतरी बोलणं भाग होतं, म्हणून मी माझ्या ज्ञानाचा भलत्याच ठिकाणी उपयोग केला. "सर, हर्डमानियाच्या कवचात वनस्पतींच्या सेल्युलोजसारखाच पदार्थ असतो. त्यामुळे एखाद्या विद्यार्थ्याची फसगत..."

"फसगत न्हाई, सर," ती म्हणाली. "सेल्युलोज येगळं, स्टार्च येगळा. जरासं खरवडून आयोडीन टाका. निळं-काळं झालं तर रताळं. न्हाई झालं तर मला शून्य द्या."

सरांना शास्त्रीय आव्हान आवडलं. "मामा, आयोडीन आणा," ते म्हणाले. मामांनी माझ्याकडे एक नजर टाकली आणि गेले. बाटली उघडली, रताळं पट्टीसकट काचेच्या बशीत आलं. सरांनी कड जराशी खरवडली. मामांनी ड्रॉपरची तपकिरी बाटली आणून ठेवली. सरांनी दोन थेंब टाकले. आम्ही सगळे वाकलो.

थेंब तपकिरी पडले आणि तपकिरीच राहिले.

मी मामांकडे पाहिलं. मामा छताकडे बघत होते. आणि मला समजलं. मामांनी मला वाचवलं होतं. त्या बाटलीत काय होतं कोण जाणे, आयोडीन मात्र नव्हतं.

"बघ," सर शांतपणे म्हणाले आणि त्यांनी अहवालाचा कागद पुढे ओढला. पेनाचं टोपण निघालं. पोरगी रडली नाही, तिनं वादही घातला नाही. ती नुसती त्या दोन थेंबांकडे बघत होती, काय चुकलं ते शोधत असल्यासारखी. आपलं चुकलं असेल असं तिला पहिल्यांदाच वाटतंय असं मला वाटलं, आणि मला ते बघवेना. इतकी वर्षं लातुरात घासूनपुसून कमावलेली माझी प्रमाण भाषा त्या क्षणी पळून गेली.

"सर, रताळंच हाय ते. म्या आणलंय. शिवरात्रीच्या बाजारातून."

सरांनी पेनाला टोपण लावलं.

"आणि हे आयोडीन?" सरांनी विचारलं.

दारातून मामा म्हणाले, "कोरा च्या हाय, सर. साखर न्हाई घातली."

सरांनी चष्मा काढला, पुसला, घातला. मग बशीतल्या रताळ्याकडे वाकून पाहिलं. "छिद्रं कुणी पाडली?"

"म्या. कर्कटकानं."

"चांगली पाडलीस," ते म्हणाले. त्यांचा आवाज विचित्र येत होता. मला वाटलं संताप, पण खांदे हलायला लागले तेव्हा कळलं की माणूस हसू दाबतोय. "सकाळी मी काय म्हणालो रे? इतकी स्पष्ट छिद्रं..." आणि मग त्यांना राहवेना. हसून झाल्यावर मात्र एकदम गंभीर झाले. अहवालाचा कागद चार तुकडे करून टोपलीत टाकला आणि मुलीच्या उत्तरापुढे दोनपैकी दोन लिहिले.

"बाकी तेवीस जणांचं काय, सर?" मी विचारलं.

"त्यांनी काय ओळखलं?"

"हर्डमानिया."

"म्हणजे बाटली ओळखली. एक-एक गुण दे. मीही सकाळी तेवढंच ओळखलं होतं." मग पोरीकडे वळून म्हणाले, "आता बस. तुझी तोंडी अजून व्हायची आहे. समपृष्ठरज्जू प्राण्यांचे गुणधर्म सांग." तिनं चारही सांगितले, पळवाटेसकट.

मला सरांनी प्राचार्यांकडे पाठवलं. एकट्याला. शेपटाचं, झेपेचं, बाजाराचं सगळं सांगितलं. प्राचार्य वाणिज्य शाखेचे; त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "प्राणी मोठा होता का?" मी दोन बोटांनी आकार दाखवला. "मग ठीक आहे," ते म्हणाले. जूनमध्ये ऑर्डर निघाली, पण समपृष्ठरज्जू प्राण्यांचा पेपर माझ्याकडून काढून घेतला होता. मला मिळाले गांडूळ, जळू आणि गोगलगाय. नवी बाटली आली ती मामांनी वरच्या फळीवर ठेवली, आणि मी वर्गात टॉवेल हातात घेतला की ते आधी कपाटाला कुलूप लावतात.

पण हे नंतरचं. त्या संध्याकाळी मी सरांची बॅग घेऊन त्यांना नांदेडच्या गाडीत बसवायला स्टँडवर गेलो होतो. ते पाण्याची बाटली घ्यायला गेले आणि ती मुलगी समोर आली. तिच्या गावची बस अजून लागायची होती. माझी छाती जरा फुगलेलीच होती. शेवटी एका विद्यार्थिनीसाठी मी ऑर्डरवर पाणी सोडायला तयार झालो होतो, आणि ती आता आभार मानणार असं गृहीत धरून मी चेहरा नम्र केला.

"सर, एक सांगू? तुम्ही बोलला नसता तरी चाललं असतं."

"ते कसं?"

"जेवणाच्या सुट्टीत तुम्ही मला तोंडीची तयारी कर म्हनले, तवाच मी वनस्पतिशास्त्राच्या सरांकडं गेले. म्हनलं, सर, मला आत बोलावलं की तुमच्या लॅबमधलं आयोडीन घेऊन जिन्यात थांबा. मी हाक मारली की या. ते उभे होते तिथं. मी हाक मारणारच होते, तेवढ्यात तुम्ही बोलला."

"म्हणजे तुला वाटलं मी बोलणार नाही?"

तिनं जरासा विचार केला. खोटं बोलणं तिला जमत नव्हतं, हे तर दिवसभरात सिद्धच झालं होतं.

"हाव, सर."

बस लागली. तिनं खिडकीतून दप्तर आत टाकून जागा धरली आणि गर्दीत शिरली. सर पाण्याची बाटली घेऊन परत आले, जाणाऱ्या बसकडे बघत म्हणाले, "तीच ना ती? काय म्हणत होती?"

"काही नाही सर," मी त्यांची बॅग उचलली. "अभ्यासाचं विचारत होती."